फोटोशॉप: मास्क केल्यावरही मागे राहणारी धुरकट छाया (सुटलं एकदाचं)

नऊवारीतल्या नवरीचा फोटो. मागचा मंडप लेयर मास्कने झाकला (मास्कवर काळं रंगवलं ते लपतं, पांढरं ते दिसतं, राखाडी ते अर्धवट), पांढऱ्यावर कट एकदम स्वच्छ. पण खाली गडद मरून रंग टाकला की खांद्याभोवती, अंबाड्यातल्या गजऱ्याजवळ धुरकट डाग. फेदर (कडेचा मऊपणा) कमी-जास्त केलं, सिलेक्शन दोनदा नव्याने केलं, इरेझर चालवून पाहिला. रात्रीचे दीड वाजले, डाग जागच्या जागी!

शेवटी मास्कच उघडून पाहिला. लेयर्स पॅनलमध्ये मास्कच्या थंबनेलवर ऑल्ट धरून क्लिक (मॅकवर ऑप्शन). फोटो जातो, नुसता काळा-पांढरा मास्क दिसतो. माझ्या 'काळ्या' भागात राखाडी पट्टे होते. ब्रश चालू असताना कधीतरी ८ चं बटण दाबलं गेलं होतं, म्हणजे ब्रशची ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) ८० टक्के. एका फटकाऱ्यात २० टक्के मंडप शिल्लक.

मग याच क्रमाने: बी दाबून ब्रश, डी आणि गरज पडल्यास एक्स दाबून पुढचा रंग काळा, ० दाबून ओपॅसिटी १००. कडेपासून लांबचे पट्टे सरळ रंगवले. केसांजवळ मात्र वरच्या पट्टीत ब्रशचा मोड ओव्हरले केला. त्यात गडद राखाडी काळा होत जातो, शुद्ध पांढरा तसाच राहतो, त्यामुळे बटा वाचतात. मोड परत नॉर्मल करायला विसरू नका, मी विसरलो होतो. पुन्हा ऑल्ट-क्लिक, फोटो हजर.

फोटोवरच मास्क लाल रंगात बघायचा असेल तर बॅकस्लॅश.