सूर बदलणार असेल तर ओळ संपण्याआधीच सांगा

स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) की सिग्नेचर, म्हणजे कोणते स्वर शार्प (चढे) किंवा फ्लॅट (उतरे) वाजवायचे ते सांगणारा चिन्हांचा गट, बदलताना आधी दुहेरी बारलाइन (उभी रेघ) आखा, मग नवी सिग्नेचर लिहा. बदल नव्या ओळीच्या सुरुवातीला येत असेल, तर आधीच्या ओळीच्या शेवटी, बारलाइननंतर, तीच सिग्नेचर पुन्हा छापतात. ही पूर्वसूचना फार मोलाची असते, कारण वाजवणाऱ्याची नजर नेहमी हातांच्या पुढे धावत असते. म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर ती आपोआप देतं. जागा वाचवायला ती काढून टाकू नका.

खरा घोळ नॅचरल चिन्हांचा, म्हणजे आधीचा शार्प किंवा फ्लॅट रद्द करणाऱ्या चिन्हांचा. ई मेजरचे चार शार्प सोडून डी मेजरच्या दोनांवर यायचं असेल, तर जुन्या छपाईत जी आणि डी या दोन स्वरांवर नॅचरल दिसतात. आज बहुतेक ठिकाणी थेट एफ आणि सी हे दोन शार्प लिहितात, आणि मलाही तेच स्वच्छ वाटतं. पण सी मेजर किंवा ए मायनरकडे जाताना नॅचरल हवेतच! तिथे नव्या सिग्नेचरमध्ये एकही चिन्ह नसतं, मग बदल कळणार कसा? आधी ई फ्लॅट मेजर असेल, तर बी, ई, ए याच क्रमाने तीन नॅचरल लिहा.