हनोईत एकच दिवस असेल तर असं फिरा

सगळ्यात आधी वार बघा. व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह याचं शव जपून ठेवलेला मॉसोलियम सोमवारी आणि शुक्रवारी बंद, आणि बाकीच्या दिवशीपण फक्त सकाळीच उघडा असतो, म्हणून सातच्या सुमाराला रांगेत उभं राहायचं. रांग जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवप्रदर्शनाला असते तशीच, फक्त भराभर सरकते. कळंगुटवाली शॉर्ट्स चालत नाही, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आत फोटो नाही, बोलणं नाही, खिशात हात घातला तरी गार्ड डोळे वटारतो.

वन पिलर पॅगोडा तिथेच आहे, दहा मिनिटं पुष्कळ झाली. मग चालत टेंपल ऑफ लिटरेचरला जा, 1070 सालचं, आणि इथे मात्र घाई करू नका. दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा उभ्या आहेत, त्यांच्यावर जुन्या राजपरीक्षा पास झालेल्यांची नावं. परीक्षेआधी पोरं येऊन कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायची, डोकी पार गुळगुळीत झाली, शेवटी कठडा घातला. दहावीच्या आधी आपण मंगेशीला जातो, त्यातलाच प्रकार.

दुपारी ओल्ड क्वार्टर. बुन चा, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि भाजलेलं मांस, खा, पण त्यात पोर्क असतं. शिवराक असाल तर 'चाय' लिहिलेली पाटी शोधा, म्हणजे चहा नव्हे हं, शाकाहारी! साध्या दुकानात भाजीतपण फिश सॉस पडलेला असतो.

रस्ता क्रॉस करताना स्कूटर थांबायची वाट बघू नका, थांबतच नाहीत. एका लयीत सावकाश चालत राहायचं, त्या बाजूने जातात, धावलात किंवा मागे फिरलात की मेलात. लांब जायचं तर ग्रॅबची बाईक, आपल्या गोव्यातल्या पायलटासारखीच (बाईक टॅक्सी), भाडं मात्र ॲपवर आधीच दिसतं.

चारला एग कॉफी. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून बलक फेटून घातला, तिथून सुरू झाली. मला वाटलेलं वशेळी लागेल, पण बिबिंक (आपला अंड्यांचा थरथराचा गोड पदार्थ) आवडत असेल तर हीपण आवडेल.

संध्याकाळी होआन किएम तलाव, लाल लाकडी पूल. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र भोवतालचे रस्ते गाड्यांना बंद असतात, ते बेस्ट. तिथे अंधारात मी शहाळेवाल्या मावशीला 20,000 च्या जागी 5,00,000 डाँग दिले, दोन्ही नोटा निळ्याच. मी पुढे निघालेलो, तीच मागून ओरडत आली. तेव्हापासून मोठ्या नोटा वेगळ्या खिशात.