बॅकअप रात्रभर रखडतोय? नेटचा प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

शहापुरातलं आमचं घर जुनं. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, राउटर पुढच्या सोप्यात आणि कॉम्प्युटर पार मागच्या खोलीत. आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद, शेताचे उतारे, लग्नाचे व्हिडिओ असा सगळा मिळून 500 जीबी डेटा राउटरजवळच्या नेटवर्क ड्राइव्हवर (राउटरला जोडलेल्या, घरातल्या सगळ्यांना वापरता येणाऱ्या डिस्कवर) पाठवायचा होता. वायफायवर सेकंदाला 3 एमबीच्या वर काटा सरकेना. त्या वेगाने हे काम जवळपास दोन दिवस चाललं असतं.

अशा वेळी बहुतेक जण पहिली चूक करतात ती म्हणजे नेटचा प्लॅन वाढवतात. मीही वाढवला होता. पण घरातल्या कॉम्प्युटरवरून घरातल्याच ड्राइव्हवर जाणारा डेटा इंटरनेटवर जातच नाही. नेट बंद असलं तरी हा बॅकअप चालतो, त्यामुळे ते पैसे फुकट गेले.

आधी वेग मोजा. दोन-तीन जीबीचा एकच व्हिडिओ ड्राइव्हवर कॉपी करून बघा. आकडा सेकंदाला 11 एमबीच्या आसपास येऊन तिथेच अडकला, तर वायरकडे बघा. 100 एमबीपीएसची (सेकंदाला 100 मेगाबिट) वायरजोडणी म्हणजे आठाने भागून (आठ बिटांचा एक बाइट) साडेबारा एमबी, आणि प्रत्यक्षात हाती येतात अकरा. गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसची जोडणी असेल तर हाच आकडा 110 पर्यंत जातो. म्हणजे तेच 500 जीबी साडेबारा तासांऐवजी सव्वा तासात.

आमच्याकडे वायर ओढल्यावरही आकडा अकरावरच थांबला. राउटर गिगाबिट, कॉम्प्युटरही गिगाबिट. शोधत गेलो तर वायर उंबऱ्यावरून गेलेली, आणि दार रोज तिच्यावरच आपटत होतं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. 100 ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. 100 ला न लागणाऱ्या चारांपैकी एखादी तार तुटली तर जोडणी सहसा बंद पडत नाही, गुपचूप 100 वर उतरते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड (जोडणीचा वेग) दिसतो, तो जरूर बघा. मी नवी कॅट 6 केबल चौकटीच्या वरून नेली आणि काम झालं.

वायर ओढणं शक्यच नसेल तर निदान ड्राइव्ह तरी राउटरला वायरने जोडा. दोन्ही टोकं वायफायवर असली की तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या घरांत 5 गिगाहर्ट्झच्या वायफायचा सिग्नल दोन भिंतींपलीकडे फारसा टिकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मोठा व्हिडिओ झरझर जातो, पण फोटोंचं फोल्डर रांगतं? मग दोष नेटवर्कचा नाही. प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यात वेळ जातो, आणि हजारो बारक्या फाइल असल्या की तो साचत जातो. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत असेल तर आणखीच. जुने फोटो वर्षवार झिप करून, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधून ठेवा. आणि दर वेळी सगळा बॅकअप नव्याने घेऊ नका. पहिल्यांदा पूर्ण, नंतर फक्त बदललेल्या फाइल, अशी सोय बहुतेक बॅकअप प्रोग्रामांत असते.

राउटरच्या यूएसबीला हार्ड डिस्क लावून तिलाच नेटवर्क ड्राइव्ह केलं असेल, तर बहुतेकदा राउटरचा प्रोसेसर कमी पडतो. तिथे केबल बदलून फारसा फरक पडणार नाही. पहिला मोठा बॅकअप तरी डिस्क थेट कॉम्प्युटरला लावून घ्या.

आता पावसाळ्याचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पुष्कळ घरांत कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर, ड्राइव्ह मात्र साध्या प्लगवर. लाइट गेली की कॉपी मध्येच तुटते, फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी डिस्क तपासण्यातच तास जातो. राउटर आणि ड्राइव्ह दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट येऊन-जाऊन झाल्यावर ड्राइव्हवरचे दोन-चार फोटो उघडून बघा, नुसती नावं दिसतात एवढ्यावर विसंबू नका. आमचा एक उतारा नावाने होता, पण उघडला तर अर्धं पान करडं आलं.