कापडी डायपर घ्यायचेत? आधी दोरी मोजा

आमचं बाळ जुलैत झालं, पुण्यात, घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला आणि पाऊस असा की आठवडाभर ऊन नाही. त्याच्या आधी दोन महिने मी रात्री जागून कापडी डायपरचे व्हिडिओ बघितलेले, हत्तीची प्रिंट घ्यायची का ढगांची यावर बायकोशी चर्चा केलेली आणि चोवीस डायपर आणून कपाटात लावून ठेवलेले. दोरी मात्र एकच होती, तीही टॉवेलची. बाळ घरी आल्यावर पाचव्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर, दाराच्या कडीला, फ्रीजच्या हँडलला सगळीकडे ओले डायपर लटकलेले आणि बाळ कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून धावत आणलेल्या डिस्पोजेबलमध्ये. त्यामुळे मी हे सगळं उलट्या क्रमाने सांगणारे, आधी वाळवणं, मग धुणं आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

तर पहिलं काम म्हणजे तुमच्या घरात जाड सुती कापड वाळायला किती वेळ लागतो ते बघा. डायपर आणायच्या आधीच बघा, एक जाड नॅपकिन चार घड्या घालून टाकला तरी अंदाज येतो. मे महिन्यात साधा लंगोट दोन तासांत कडकडीत होतो, कॉटनचं नाहीतर बांबूचं जाड पॅड (डायपरच्या आतला शू शोषणारा भाग) अर्धा दिवस खातं आणि पावसाळ्यात तेच पॅड फॅनखाली घालूनसुद्धा दीड-दोन दिवस घेतं. आता दिवसाला लागतात किती, तर अगदी तान्ह्या बाळाला दहा-बारा, चार-पाच महिन्यांनंतर सहा-सात. दिवसाची संख्या गुणिले वाळायचे दिवस, अधिक एका दिवसाची शिल्लक, एवढाच हिशेब. रोज धुणार असाल आणि ऊन असेल तर मोठ्या बाळाला चौदा-पंधरा भरपूर होतात, पावसाळ्यात त्याच कव्हरांसाठी (म्हणजे बाहेरच्या जलरोधक भागांसाठी) पॅडं तेवढी जास्तीची घ्यायची, कारण कव्हर पटकन वाळतं, रडवतं ते पॅड. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर हत्ती आणि ढग दोन्ही निम्म्याने कमी आणले असते.

वाळवण्यावर एवढं का बोलतोय, तर कापडी वापरलं म्हणजे आपोआप पर्यावरण वाचलं असं नसतं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये याचा सगळा हिशेब मांडला होता, बाळाची अडीच वर्षं धरून. त्यात डिस्पोजेबलचा कार्बन साधारण ५५० किलो आला आणि कापडीचा ५७०, म्हणजे जवळजवळ सारखाच! पण गंमत पुढे आहे. सगळे डायपर ड्रायरमध्ये वाळवले तर कापडीचा आकडा ४३ टक्क्यांनी वर जातो आणि बाहेर दोरीवर वाळवले, मशीन भरून लावलं, तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले तर ४० टक्क्यांनी खाली येतो. २०२३ मध्ये तिकडच्या सरकारचाच नवा अभ्यास आला, त्यात कापडी कार्बनच्या हिशेबात डिस्पोजेबलपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी कमी भरले. आपल्याकडे दोरी फुकट आहे, ऊन आठ महिने फुकट आहे, पण वीज मुख्यतः कोळशाची, त्यामुळे रोज कडकडीत गरम पाण्यावर मशीन लावायची हौस असेल तर ती आवरा.

पावसाळ्यासाठी माझी पद्धत अशी. घरात घडीचा स्टँड, फॅनच्या बरोबर खाली, दोन पॅडांमध्ये चार बोटं अंतर. धुतल्यावर मशीनमध्ये स्पिन दोनदा द्यायचा, ही एक गोष्ट जवळपास अर्धा दिवस वाचवते. साधे सुती लंगोट ऐंशी टक्के वाळले की इस्त्री फिरवली तरी चालते, पण कव्हरला इस्त्री अजिबात नाही, त्याच्या आतला जलरोधक थर वितळून सुटतो. कव्हर सावलीत, पॅड उन्हात, एवढं लक्षात ठेवलं तरी दोन्ही टिकतात. माझी आजी म्हणायची त्यांच्याकडे पावसात शेगडीवर डालं उपडं घालून त्यावर बाळाची दुपटी आणि लंगोट पसरायचे, सगळ्या घराला धुरकट वास. आमच्याकडे शेगडी नाही, कुबट वास मात्र होता, आणि कुबट वास आला म्हणजे वाळलेलं नाही, हात लावून कोरडं वाटलं तरी नाही. तसंच घालू नका.

आता धुणं. लोक इथेच घाबरतात आणि खरंतर इथे घाबरण्यासारखं काही नाही. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर त्याची शी पाण्यात विरघळते, नळाखाली धरून खळबळली की झालं. वरचं खायला लागलं, म्हणजे नाचणीसत्त्व, वरणभात वगैरे, की मग शी घट्ट होते, ती संडासात झटकायची आणि उरलेलं जेटने उडवायचं. आपल्या जवळजवळ प्रत्येक संडासात जेट असतो, हे काम त्याच्यासाठीच केलेलं असल्यासारखं होतं. फक्त धार खालच्या बाजूला धरा, पहिल्यांदा मी समोर धरली होती, पुढचं सांगत नाही.

नंतर ते बादलीत भिजत घालून ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडा. रात्रभर शूच्या पाण्यात भिजलेल्या पॅडला वास लागतो आणि कव्हरचं इलॅस्टिक सैल पडतं. खळबळून, पिळून, जाळीच्या टोपलीत उघडंच ठेवायचं, वारा लागला की वास येत नाही. रात्रीचे तेवढे सकाळी उठल्या उठल्या धारेखाली धरायचे, कारण त्यात शू सगळ्यात जास्त असते. एक दिवसाचे, फार तर दीड-दोन दिवसांचे साठले की आधी साध्या पाण्याची एक छोटी फेरी, मग पावडर टाकून मोठी फेरी, ४० अंशांवर, कधीतरी ६० वर. बाळ आजारी असलं किंवा बुरशीचं रॅश झालं असलं तर ६० वरच. घरातले बाकीचे सुती कपडे, टॉवेल, चादरी सोबत टाकलेत तरी चालतं, मशीन भरलेलं पाहिजे. सासूबाईंना हे आधी पटलं नाही, पण पहिल्या फेरीत घाण निघून गेलेली असते.

पावडर किती टाकायची? बाळाचं म्हणून चिमूटभर टाकतात, मग कपडा नीट निघत नाही आणि महिन्याभरात अमोनियाचा झणझणीत वास यायला लागतो. नेहमीच्या कपड्यांना टाकता तेवढीच टाका, पण नीट खंगाळा, शेवटच्या पाण्यात फेस दिसला की अजून एकदा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर कापडावर बसतो आणि पॅड पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशकाचं झाकण रोज ओतायचीही गरज नाही. बोअरचं पाणी असेल तर आणखी एक भानगड, जड पाण्यात क्षार आणि साबण मिळून कापड कडक होतं, पॅडवर पाणी टाकलं की ते थेंबासारखं वर तरंगतं. तसं झालं तर गरम पाण्यात, साबण न घालता, फेस यायचा थांबेपर्यंत दोन-तीनदा धुवा, जमलं तर ते धुणं नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात करा. डाग राहिले तर ओलं असतानाच उन्हात टाका. पिवळा डाग एका दुपारीत उडतो, मला आधी खरं वाटलं नव्हतं.

आणि तुमच्याकडे पाण्याचाच प्रश्न असेल, म्हणजे आठवड्यातून एकदा नळ, मे महिन्यात टँकर, तर त्या दोन महिन्यांत डिस्पोजेबल वापरा, कुणी तुम्हाला नावं ठेवू नयेत. किंवा दिवसा नुसते पातळ लंगोट, ते एका तांब्यात निघतात.

आता खरेदी. पहिल्या महिन्या-दीड महिन्यासाठी महागाचं काहीच घेऊ नका. जुनं धोतर, आजीची विरलेली सुती साडी, मलमल, हे सगळ्यात मऊ असतं आणि नवीन कापडाला तो मऊपणा येत नाही, म्हणून तर आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिले कपडे दुसऱ्या बाळाचे वापरलेले घालायची पद्धत आहे. चौकोन फाडायचा, त्रिकोण घालायचा, नाडी बांधायची, झाला लंगोट. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळी, डांबरासारखी चिकट असते, तिच्यासाठी टाकून द्यायच्या लायकीची फडकीच काढून ठेवा. ‘फ्री साइज’ डायपरवर पाच किलोपासून लिहिलेलं असतं, तीन किलोच्या बाळाला तो मांडीत मावत नाही, गळतोच. माझे चोवीस सुरुवातीला कामाला का आले नाहीत त्याचं हे दुसरं कारण.

बाळ पाच किलोंचं झालं की मग निवडा. बाहेर जलरोधक कव्हर आणि आत बदलायचं पॅड हा प्रकार मला सगळ्यात सोयीचा वाटला, कारण नुसती शू असेल तर कव्हर पुसून पुन्हा वापरता येतं, आणि वाळवायला कमी. खिशाचा प्रकार, म्हणजे पॅड खिशात सरकवायचं, तो पाळणाघरातल्या ताईंना द्यायला सोपा, त्यांना डिस्पोजेबलसारखाच वाटतो. सगळं एकत्र शिवलेला प्रकार दिसायला छान, पण वाळत नाही, वाळत नाही आणि वाळत नाही. पॅडमध्ये मायक्रोफायबर स्वस्त आणि पटकन शोषणारं असतं, पण थेट त्वचेला लावायचं नाही, त्वचा कोरडी पाडतं. कॉटन किंवा बांबूचं पॅड नवीन असताना शोषत नाही, पाच-सहा वेळा धुतल्यावर खुलतं, तेव्हा आणल्या आणल्या ‘गळतंय’ म्हणून परत करू नका. बंद करायला टिचबटणं घ्या, वेल्क्रोला धुण्यात सगळे मोजे चिकटतात. आधी दोन-तीन प्रकारांचा एकेकच आणा, दोन आठवडे वापरा, जो जमला त्याचेच पुढचे. कुणाचे वापरलेले मिळाले तर सोन्याहून पिवळं, फक्त इलॅस्टिक ताणून बघा.

पैशाचं म्हणाल तर आम्ही दिवसाला पाच डिस्पोजेबल, बारा रुपयांचा एक, असे धरले, महिन्याचे १८०० होतात, अडीच वर्षांचे ५४ हजार. पाचशे रुपयांचे पंधरा कापडी घेतले तर साडेसात हजार, वर थोडी वीज आणि पावडर. पण चोवीस, मग नवीन प्रिंट आली म्हणून अजून सहा, असं चाललं तर बचतही कमी आणि पर्यावरणाचा फायदाही.

गळती नव्वद टक्के वेळा बांधण्यामुळे होते. इलॅस्टिक मांडीवर नाही, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, चड्डीची शिवण बसते तसं. पॅडची एकही कडा बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर झबलं ओलं झालंच. पोटाशी दोन बोटं जातील एवढं सैल. आणि दर दोन-तीन तासांनी बदलायचं, शी केली की लगेच, कापडी डायपर बारा तासांसाठी नसतोच. रॅशची पांढरी घट्ट क्रीम लावली तर मध्ये मलमलीचा तुकडा ठेवा, नाहीतर क्रीम पॅडमध्ये बसते आणि पॅड बाद. रॅश दोन-तीन दिवसांत गेलं नाही किंवा लाल पुटकुळ्या पसरायला लागल्या तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा.

रात्री आम्ही दोन पॅडं घालायचो, तरी आठ महिन्यांनंतर पुरेनात, मग रात्री एक डिस्पोजेबल, प्रवासातही तेच. दिवसाला पाचच्या जागी एक कचऱ्यात जातो, हे मला पुरेसं वाटतं. टाकताना आतली शी संडासात, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका, आणि ओल्या कचऱ्यात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई हाताने कचरा वेगळा करतात, त्या ठिपक्यामुळे त्यांना न उघडता कळतं. ओले वाइप्ससुद्धा बहुतेक प्लास्टिकच्या धाग्याचे असतात, घरी असताना सुती फडकं आणि कोमट पाणी याला काय झालंय?

एक गोष्ट कुठल्या व्हिडिओत नव्हती. हे सगळं धुणार कोण ते बाळ यायच्या आधी ठरवा. वीस दिवसांच्या बाळंतिणीने रात्री तीनदा उठून दूध पाजायचं आणि सकाळी पर्यावरणासाठी लंगोट खळबळायचे, हे बरोबर नाही. आमच्याकडे खळबळणं, मशीन, वाळत घालणं माझ्याकडे होतं, घड्या आजोबांकडे. धुण्याच्या ताईंवर शीचे डायपर सोडणार असाल तर आधी विचारा आणि वेगळे पैसे द्या.

सासूबाई बाळाला चौथ्या महिन्यापासून सकाळी दूध पिऊन झालं की पायांवर घेऊन ‘शूऽऽऽ’ करत बसायच्या, मी मनात हसायचो. दीड महिन्यात सकाळची शी तिथेच व्हायला लागली, म्हणजे दिवसातला सगळ्यात वाईट डायपर धुवायचाच राहिला नाही.

वापरून झाले की पूर्ण वाळवून, सुती पिशवीत भरून पुढे द्या, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर आत ओल धरते. माझ्यातले बारा चुलतबहिणीकडे गेलेत, तिचं बाळ डिसेंबरात झालं, नशीबवान आहे. उरलेल्यांतल्या दोन फाटक्या पॅडांनी मी स्कूटर पुसतो.