बोअरमध्ये केबल सोडण्याआधी या चुका टाळा

मोटर जळाली की आपण दोष मोटरीला देतो. वाइंडिंग भरून आणतो, परत सोडतो आणि पंधरा दिवसांत स्टार्टर पुन्हा ट्रिप. मोर्शीकडच्या एका संत्रा बागेत हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा मोटर वर काढली तेव्हा मी केबल हातातून सरकवत इंच न् इंच पाहिली. साठेक मीटरवर आवरणाला सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं. केबल नवी, घासल्याची खूण कुठेच नाही. दोष कारखान्यातूनच आलेला. तोवर आंबिया बहाराची फळं पाण्यावाचून गळायला लागली होती. ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मल्टिमीटर लावून ‘केबल ओके’ म्हणणं. त्यात लहानशी बॅटरी असते. तार तुटली आहे का ते तो सांगेल, पण ४१५ व्होल्टच्या दाबाखाली करंट कुठून गळेल ते त्याला दिसत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगरच पाहिजे, म्हणजे जास्त दाब देऊन आवरण करंट किती अडवतं ते मेगओहममध्ये मोजणारं मीटर. रीडिंग जितकं जास्त तितकं आवरण चांगलं.

दुसरी चूक, कोरडी तपासणी. बारीक छिद्रात हवा असते तोवर मेगरही चांगलंच रीडिंग दाखवतो. म्हणून केबलचं बंडल पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा, दोन्ही टोकं मात्र बाहेर आणि कोरडी ठेवा. जमलं तर रात्रभर भिजू द्या. सकाळी तिन्ही कोअर, म्हणजे केबलमधल्या तिन्ही तारा, एकत्र पिळून मेगरची एक वायर त्यांना जोडा, दुसरी ड्रमच्या पाण्यात सोडलेल्या उघड्या तारेला. एक मिनिट थांबून रीडिंग घ्या. मग कोअर सुटे करून आपसातही तपासा. रीडिंग कमी आलं तर सगळं बाहेर काढा आणि केबल थोडी थोडी पाण्यात सोडत जा. ज्या वेढ्याला काटा एकदम खाली येईल, दोष तिथेच. मेगर चालू असताना उघड्या टोकांना हात लावू नका, आणि नंतर कोअर शॉर्ट करून उरलेला चार्ज उतरवा.

भर उन्हात वावरात पडलेली केबल तपासून घाबरू नका. आवरणाचं पीव्हीसी तापलं की त्याचं रीडिंग उतरतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात असतो. सकाळी सावलीत परत घ्या. घामट हात लागलेलं, धूळ बसलेलं टोकही फसवतं. ते नव्याने सोलून पुसा.

मोटर आधीच बोअरमध्ये असेल तर मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि केबल पॅनलमधून पूर्ण सोडवा. कपॅसिटर, ऑटो स्विच (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा) जोडलेले राहिले तर रीडिंग खोटं येतं, शिवाय ५०० व्होल्टने ऑटो स्विच जळू शकतो. नवी मोटर केबलसकट २ मेगओहमच्या वर असावी. अर्ध्या मेगओहमच्या खाली गेली तर वर काढाच. मग मोटरच्या वायरी आणि केबल यांच्यातल्या जॉइंटच्या वर कापून केबल आणि मोटर वेगवेगळी तपासा. बहुतेक वेळा घाईत टेप गुंडाळलेला जॉइंटच सापडतो.

दुकानात करायची तपासणी सोपी आहे, तरी कोणी करत नाही. टोक सरळ कापून बघा. तांबं बरोबर मधोमध पाहिजे. एका बाजूला सरकलं असेल तर तिकडचं आवरण पातळ, आणि केबल तिथूनच फुटते. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. वजनही करा. ४ स्क्वेअर एमएमच्या १०० मीटर केबलमध्ये तीन कोअरचं निव्वळ तांबं साधारण १० किलो भरतं. अख्खं बंडलच तेवढं भरत नसेल तर घेऊ नका. आवरणावर आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ (पीव्हीसी केबलचं भारतीय मानक) छापलेलं पाहा, त्या छापाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.

ड्रमच्या पाण्यातली तपासणी जॉइंट मारण्याआधी, अखंड बंडलावरच उरका. तुकडे केलेली केबल दुकानदार सहसा परत घेत नाही.