सामायिक मलवाहिनी खचण्याआधी पैसे बाजूला कसे ठेवायचे

महापालिका आणि शेजारची नगरपरिषद एकच मुख्य मलवाहिनी वापरत असतील, तर ती खचल्यावर पहिला वाद ‘खर्च कोणाचा’ हा होतो आणि तोवर मैलापाणी नाल्यात जातं. वाटणी आधीच लेखी करून ठेवा.

वाटा प्रत्यक्ष प्रवाहावर ठरवा. हद्दीवरच्या मॅनहोलमध्ये फ्लोमीटर (प्रवाह मोजणारं यंत्र) बसवून मे आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांत मोजा. उन्हाळ्यात महापालिकेचे १८ आणि नगरपरिषदेचे ६ एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) आले, तर वाटा ७५:२५. पण पावसाळ्यात त्या ६ चे १२ होत असतील, तर नगरपरिषदेकडे पावसाळी गटारं मलवाहिनीत सोडली आहेत किंवा सांधे गळके आहेत. पंपांवरचा तो जादा भार तिनेच उचलावा, असं करारात स्पष्ट लिहा. मीटर नसेल तर तात्पुरतं माणशी १३५ लिटर पाण्याच्या ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर सांडपाणी धरा.

रक्कम ठरवताना जुन्या बिलांची सरासरी काढू नका. चोकअपच्या किरकोळ बिलांत मोठी खचण दिसतच नाही. सर्वांत खोल जागी वाहिनी खचली असं समजून चालू दरसूचीने (सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीने) अंदाजपत्रक करा. पाइप त्यात स्वस्तच. पैसा जातो तो बायपास पंपिंग (खचलेला भाग टाळून मैलापाणी पंपाने पुढे नेणं), शोअरिंग (खोदलेल्या चराच्या बाजूंना आधार), भूजल उपसा आणि रस्ता पूर्ववत करण्यात. वरच्या उदाहरणात २४ एमएलडी म्हणजे तासाला सरासरी १,००० घनमीटर. कमाल प्रवाह २.२५ पट धरला तर तासाला २,२५० घनमीटर उपसणारे पंप लागतील, शिवाय एक राखीव. डिझेल आणि २४ तासांच्या पाळ्या वेगळ्या.

हे पैसे ‘देखभाल-दुरुस्ती’ या अर्थशीर्षात (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरात) ठेवणं म्हणजे न ठेवणंच. नालेसफाईत संपतात, वर्गीकरणाने (एका सदरातली तरतूद दुसऱ्या सदरात हलवून) रस्त्यांकडे वळतात, आणि उरलेली तरतूद ३१ मार्चला रद्द होते. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने वेगळा राखीव निधी आणि वेगळं बँक खातं करा. ठरावात तीन गोष्टी हव्यात: वर्गीकरणास मनाई, पैसे काढण्याचा अधिकार कोणाला, आणि खर्च झालेली रक्कम पुढच्या अंदाजपत्रकात भरून काढण्याचं बंधन.

आयुक्तांना महाराष्ट्र महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) नुसार आणीबाणीत मंजुरीआधी काम करता येतं, पण कारण आणि खर्च तत्काळ स्थायी समिती व सभेला कळवावा लागतो. नगरपरिषदेत हा अधिकार नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली अध्यक्षांकडे आहे. वर्षभर माहीत असलेला तुंबा ‘आणीबाणी’ म्हणून दाखवला की लेखापरीक्षणात आक्षेप येतोच. त्यामुळे पंपभाडं, जेटिंग-सक्शन (दाबाच्या पाण्याने आणि शोषून वाहिनी साफ करणं) आणि शोअरिंगचे दर करार पावसाळ्यापूर्वी करून ठेवा. काम ज्याच्या हद्दीत, त्याने करायचं; दुसऱ्याने आपला वाटा १५ दिवसांत भरायचा. वेळेसह फोटो, पंपाच्या तासांची नोंदवही आणि मोजमाप पुस्तक नसेल तर दुसरी बाजू बिल मान्य करणार नाही.

गॅस डिटेक्टर आणि ब्लोअरही याच निधीतून घ्या. संरक्षक साधनांशिवाय माणसाला मॅनहोलमध्ये उतरवून साफसफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवली आहे.