एफवायचं गणित: पहिल्या तासापासून पहिल्या टेस्टपर्यंत काय करायचं

बारावीला गणितात नव्वदच्या पुढे मार्क घेऊन पुण्यात बीएस्सीला आलेली मुलं पहिल्या टेस्टनंतर एकदम गप्प होतात. मी शिकवायला लागल्यापासून दरवर्षी हे पाहतो आहे. हुशारी कमी पडलेली नसते. कॉलेजातलं गणित आपल्याकडून काय मागतं, हे त्यांना वेळेवर कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून पहिल्या महिन्यात काय करायचं ते इथे ओळीने सांगतो.

आधी नियमांचा कागद वाचा, हातात पेन घेऊन

पहिल्या-दुसऱ्या तासाला सर किंवा मॅडम अभ्यासक्रम, मार्कांची विभागणी आणि हजेरीचे नियम सांगतात. ग्रुपवर त्याची पीडीएफ येते आणि तिथेच राहते. ती उघडा आणि त्यातले आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास. दोन क्रेडिटचा विषय असेल तर सत्रात ३० तास झाले. हजेरी ७५ टक्के लागत असेल तर किमान २३ तास बसावं लागतं, म्हणजे हाताशी सात तास उरतात. आता आठवड्याला दोन तास धरा. गणपतीला दहा दिवस गावी गेलात की तीन गेले. पावसाळ्यात ताप आला आणि आठवडा मोडला की आणखी दोन. उरले दोनच, आणि सत्र अजून निम्मं बाकी आहे. हा हिशेब जुलैतच करून ठेवला तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येऊन आईवडिलांना गावाहून बोलवावं लागत नाही.

मार्कांचंही तसंच. समजा ५० मार्कांचा पेपर आहे, त्यातले १५ अंतर्गत आणि ३५ सत्राच्या शेवटी. दोन्हींत वेगळं पास व्हायचं असेल आणि त्यासाठी ४० टक्के लागत असतील, तर अंतर्गतमध्ये ६ आणि लेखीत १४ मिळवावेच लागतात. लेखीत ३० पडले तरी अंतर्गतमधले ४ काही ६ होत नाहीत. एटीकेटी लागलेली, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेली, बरीच मुलं या चार-सहा मार्कांवर अडकलेली मी पाहिली आहेत.

हे आकडे तुमच्याच कॉलेजच्या कागदावरून घ्या. फर्ग्युसनसारखी स्वायत्त महाविद्यालयं आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. बाकीची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नियमांनी चालतात. रूममेट दुसऱ्या कॉलेजात असेल तर त्याचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. प्रवेश उशिरा झाला असेल तर तुमची हजेरी कोणत्या तारखेपासून मोजणार, तेही पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचारून घ्या.

वर्गात

तास चुकवू नका म्हणतो ते केवळ हजेरीसाठी नाही. सीमा (लिमिट) कळली नसेल तर सातत्य (कंटिन्युइटी) कळत नाही आणि सातत्य कळलं नसेल तर विकलनाची प्रमेयं नुसती पाठ करावी लागतात. तास बुडलाच तर पुढच्या तासाच्या आधी मित्राची वही उतरवून घ्या. उतरवून घ्या म्हणजे हातानं. मोबाइलमधला फोटो कुणी पुन्हा उघडत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण मीही तसाच साताऱ्याकडून आलो होतो आणि पहिले दोन महिने काहीही न विचारता मागच्या बाकावर बसून काढले होते. अडचण गणिताची नसते. ती तीन-चार छोट्या इंग्रजी शब्दांची असते. ‘फॉर एव्हरी’ म्हणजे प्रत्येकासाठी. ‘देअर एक्झिस्ट्स’ म्हणजे असा एक तरी आहे. ‘इफ अँड ओन्ली इफ’ म्हणजे जर आणि तरच, म्हणजे सिद्धता दोन्ही बाजूंनी द्यायची. या शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो. ‘प्रत्येक रिक्षाला एक मालक आहे’ हे खरं आहे. ‘असा एक मालक आहे, की प्रत्येक रिक्षा त्याची आहे’ हे वाक्य अगदी वेगळं झालं. सीमेच्या एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येत नेमकं हेच असतं: आधी एप्सिलॉन दिला जातो, मग त्याला पुरेल असा डेल्टा आपण शोधायचा. म्हणून डेल्टा एप्सिलॉनवर अवलंबून असतो. हे मराठीत एकदा मनाशी पक्कं करा, मग इंग्रजीत लिहिणं सोपं जातं.

आणि व्याख्या पाठ करा. गणितात पाठांतर नको, असं म्हणणारे बरेच भेटतील. व्याख्यांच्या बाबतीत मला ते पटत नाही. व्याख्या शब्दन् शब्द येत नसेल तर सिद्धतेची पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही.

होमवर्क आपल्या हातानं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडा थांबतो.

एका वर्षी मी सोपा प्रश्न दिला होता: दोन विषम संख्यांची बेरीज सम असते हे सिद्ध करा. काहींनी लिहिलं, ३ + ५ = ८, ७ + ९ = १६, म्हणून सिद्ध झालं. ही उदाहरणं झाली, सिद्धता नव्हे. विषम संख्या अगणित आहेत आणि आपण चारच पाहिल्या. पण अठरा वह्यांत वेगळीच गोष्ट होती. पहिली संख्या २क + १, दुसरीही २क + १, बेरीज ४क + २, म्हणून सम. दिसायला छान. पण दोन्हीकडे एकच अक्षर घेतल्यामुळे दोन्ही संख्या समान झाल्या. ३ आणि ५ ची बेरीज यात येतच नाही. दुसरीला २म + १ म्हणायला हवं होतं, म्हणजे बेरीज २(क + म + १) आली असती. चूक शिकण्यासारखी होती, पण ती एकाच मुलाची होती. बाकी सतरा जणांना ती करायचीसुद्धा संधी मिळाली नाही.

बहुतेक शिक्षकांची अपेक्षा ही असते: चर्चा करा, लिखाण एकट्यानं करा. ते जमवायची रीत सोपी आहे. कट्ट्यावर किंवा कॅन्टीनमध्ये चौघं मिळून प्रश्नावर हवं तेवढं बोला. उठताना कागद बरोबर घेऊ नका. अर्ध्या तासाने अभ्यासिकेत किंवा खोलीवर बसून आठवून लिहा. लिहिताना अडलात तर नेमकी तीच जागा तुम्हाला कळलेली नव्हती. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स आणि एआय यांनाही हाच नियम लावा, आणि शिक्षकांनी त्यांना मनाई केली असेल तर वापरूच नका. परवानगी असेल आणि मदत घेतली असेल तर तसं वहीत लिहा. आप्पा बळवंत चौकात मिळणारी तयार उत्तरांची पुस्तकं स्वतः प्रयत्न करून झाल्यावर ताळा पाहायला उघडा, आधी नाही.

प्रत्येक ओळ कुठून आली ते शब्दांत लिहा. नुसती चिन्हं एकाखाली एक मांडली तर वाचणाऱ्याला ‘म्हणून’ कुठे आहे आणि ‘समजा’ कुठे, ते कळत नाही.

शंका, आजारपण आणि टेस्ट

शंका विचारायला स्टाफरूममध्ये जा. जाताना तुम्ही केलेला प्रयत्न, अर्धवट का असेना, घेऊन जा. ‘सर, हे काहीच कळलं नाही’ यावर मदत करणं कठीण असतं. ‘सर, इथपर्यंत आलो, ही तिसरी ओळ का खरी आहे?’ यावर पाच मिनिटांत काम होतं. मेसेज करायचा असेल तर नाव, वर्ग, डिव्हिजन आणि रोल नंबर आधी लिहा.

आजारी पडलात तर त्याच दिवशी कळवा आणि परतल्यावर लगेच डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या. टेस्ट बुडाल्यावर तीन आठवड्यांनी आणलेल्या कागदाचं काही करता येत नाही, आणि नाही म्हणताना आम्हालाही वाईट वाटतं. टेस्टला कॅल्क्युलेटर चालतो का आणि कोणता चालतो, हे आदल्या आठवड्यात विचारा. प्रोग्रॅम भरता येणारे सहसा चालत नाहीत. प्रॅक्टिकलचं जर्नल त्या-त्या आठवड्यात तपासून सही घ्या; सबमिशनच्या आदल्या रात्री दहा प्रॅक्टिकल उतरवून त्यातलं काहीच डोक्यात राहत नाही.

ज्यांना याच्या पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी पुण्यात बरंच आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेली गणिताची संस्था, भास्कराचार्य प्रतिष्ठान, इथेच आहे. माधव गणित स्पर्धेच्या आयोजनात एस. पी. कॉलेजचा गणित विभाग असतो. ती मुख्यतः एसवायच्या विद्यार्थ्यांसाठी असली, तरी तिचे जुने प्रश्न एफवायपासून सोडवायला हरकत नाही.

पहिल्या टेस्टचे पेपर हातात आले की मार्क पाहून घडी घालू नका. जिथे मार्क कापलेत तो प्रत्येक प्रश्न त्याच आठवड्यात कोऱ्या कागदावर पुन्हा पूर्ण लिहा आणि तो कागद घेऊन शिक्षकांना भेटा. बेरजेत चूक असेल तर तीही तेव्हाच दाखवा, नोटीसवर दिलेल्या तारखेच्या आत.